अम्माच्या पीएफचे पैसे आलेत, घरात प्रत्येकाचा प्लॅन वेगळा, काय करावं?

घरकुलवाला_पोरगा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणारंय, सांभाळून घ्या.

आमची अम्मा (घरी तेलुगू बोलतो आम्ही, म्हणून अम्मा) लग्न होऊन सोलापूरला आली तेव्हापासून विड्या वळायची. कारखान्यातून पानं, तंबाखू, दोरा आणायचा, घरी बसून हजार विड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या, तिथं छाट (खराब म्हणून नाकारलेल्या विड्या) काढणार आणि उरलेल्याची मजुरी हातात. विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) राहणाऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही, आमच्या गल्लीत प्रत्येक उंबऱ्यावर सुपात पानं घेऊन एक बाई बसलेली असायची. आता तिचं वय ६२, डोळे आणि पाठ दोन्हीनी साथ सोडली म्हणून काम बंद करून बरीच वर्षं झाली.

पीएफ कापत होते हे माहीत होतं, पण असेल पाच-दहा हजार, कोण हेलपाटे मारणार असं धरून आम्ही सगळे गप्प. मग गल्लीतल्या एका मावशीचे आले म्हणून हिचे कागद काढले तर कार्डावर नाव एक, आधारला दुसरं, जन्मतारीख तिसरीच. ते सगळं एका लायनीत आणायला जो काय घाम निघाला तो वेगळाच विषय आहे. शेवटी परवा मोबाईलवर मेसेज, २ लाख ८० हजार जमा. मला पहिल्यांदा फ्रॉडच वाटला, पासबुक छापून आणलं तेव्हा विश्वास बसला.

आता खरी गंमत. धाकटा भाऊ म्हणायलाय रिक्षा घेऊ, डाऊन पेमेंट होऊन जाईल, रोज रोख पैसा. माझी बायको म्हणायलीय सोनं घ्या, भाव बघा कुठं चाललाय. अक्का पुण्याला असते, ती म्हणते माझ्या पोरीच्या नावावर सुकन्या (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) उघडा, पोरगी ७ वर्षाची आहे, अम्माचा आशीर्वाद म्हणून. मामा म्हणतो त्याच्या ओळखीच्या पतसंस्थेत टाका, साडेदहा टक्के देतात. आणि मी, खरं बोलायचं तर, माझं एका फायनान्सचं पर्सनल लोन आहे, ६० हजार राहिलेत, २२ टक्क्यांनी, ते एकदाचं मिटवून मोकळं व्हावं असं वाटायलंय. मी चाटीगल्लीत कपड्याच्या दुकानात कामाला आहे, पगार तुम्हाला माहितीच आहे.

अम्माला विचारलं तर म्हणते तुम्हीच बघा.

ध्यानीमनी नसताना आलेला पैसा आहे, लॉटरी लागल्यासारखं झालंय, म्हणून उगाच उडवायचा पण नाही. काय करावं?

सातरस्ता_सम्या

पहिलं काम, कुणाला सांगू नको. सांगितलास ना इथं, बास झालं. गल्लीत कळलं की लग्नाच्या पत्रिका डबल येतील बघ आणि प्रत्येक पत्रिकेबरोबर एक उसनवारी.

जुळे_सोलापूर_एसआयपी

अभिनंदन भावा. सगळ्यात आधी महिनाभर काहीच करू नको, पैसे खात्यात पडून राहू दे. घरात सगळ्यांची डोकी गरम असताना घेतलेला निर्णय नंतर निस्तरावा लागतो, महिन्याचं थोडंफार व्याज बुडलं तर बुडू दे.

मग शुद्ध गणित बघ. तुझं लोन २२ टक्क्यांचं आहे. ६० हजारावर २२ टक्के म्हणजे वर्षाला १३ हजाराच्या घरात व्याज. जगात असा कुठलाही सुरक्षित पर्याय नाही जो तुला वर्षाला २२ टक्के देईल. त्यामुळे लोन फेडणं हीच सगळ्यात चांगली गुंतवणूक, फक्त मुदतीआधी बंद करायचा चार्ज किती लावतात ते विचारून घे. राहिलेल्यातले लाखभर इंडेक्स फंडात (शेअर बाजाराबरोबर वरखाली होणारा फंड), बाकी एफडी. आणि कुणी ऑप्शन ट्रेडिंगचा (शेअरचा भाव वर जाईल का खाली यावर पैसे लावायचा) क्लास लावून दुप्पट करून देतो म्हणाला तर तिथून चप्पल हातात घेऊन पळ. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर २०२४ ला सांगितलंय की त्याआधीच्या तीन वर्षांत १०० मधले ९३ किरकोळ ट्रेडर त्यात तोट्यात गेले.

होटगीरोड_काकू

एसआयपीवाल्या भाऊ, गणित बरोबर आहे तुमचं पण पैसे कुणाचे आहेत ते वाचलंत का नीट? कर्ज पोराचं, पैसा आईचा. आणि ६२ वर्षाच्या बाईला इंडेक्स फंड कशाला हो, उद्या मार्केट २० टक्के पडलं तर तिला काय सांगणार, दहा वर्षं थांब म्हणून?

बाळा, तुला एक विचारते, राग मानू नको. अम्मा "तुम्हीच बघा" म्हणाली तेव्हा समोर कोण कोण होतं? भाऊ, बायको, तू, फोनवर अक्का, सगळे ना? मग ती बाई दुसरं काय म्हणणार. आमच्या पिढीच्या बायकांना चारचौघांत "मला हे पाहिजे" म्हणायची सवयच नाही रे. मुलानं विचारलं की तुम्हीच बघा, सुनेनं विचारलं की मला काय करायचंय आता. तिला एकटीला गाठ, निवांत, आणि काय करू असं विचारू नको, तुला काय पाहिजे असं विचार. दोन्हीत फरक आहे.

पेन्शनर_अण्णा

नमस्कार. मी एका विडी कारखान्याच्या ऑफिसात पीएफचे रजिस्टर सांभाळून निवृत्त झालो, त्यामुळे ह्या विषयावर थोडं अधिकारवाणीने बोलतो, जास्त वाटलं तर सोडून द्या.

चिरंजीव, तुम्ही लॉटरी शब्द वापरलात तो मला खटकला. विडी धंद्याला पीएफ १९७७ पासून लागू आहे. त्यानंतरही कित्येक मालकांचं म्हणणं असं होतं की घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका आमच्या कामगारच नव्हेत, त्या आपल्या घरी काम करतात, आमचा काय संबंध. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८५ साली कोर्टाने सांगितलं की घरी वळल्या तरी त्या कामगारच, पीएफ द्यावाच लागेल. तुमच्या आईच्या नावाचं पान रजिस्टरला उघडलं गेलं ते त्यामुळे.

आता हिशोब सांगतो. इतर बहुतेक ठिकाणी पीएफ १२ टक्के कापतात, विडीला १० टक्के आहे. कामगाराच्या मजुरीतून १०, मालकाकडून १०. पण १९९५ ला पेन्शन योजना आल्यापासून मालकाच्या १० मधले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, पीएफ खात्यात मालकाचे येतात फक्त १.६७. म्हणजे खात्यात पडलेल्या दर ११ रुपये ६७ पैशातले १० रुपये तुमच्या आईच्या स्वतःच्या मजुरीतून कापलेले आहेत, हजार विडीमागे थोडे थोडे, ज्या दिवशी छाट जास्त निघाली त्या दिवशीच्या तुटपुंज्या मजुरीतून सुद्धा. त्यावर व्याज चढत गेलं. ह्यात अचानक काही नाही. तुम्हाला अचानक कळलं एवढंच.

आणि त्याहून महत्त्वाचं. ते ८.३३ टक्के कुठे गेले, कुणी विचारलं का? नोकरी १० वर्षांच्या वर भरत असेल तर ५८ वर्षं पूर्ण झाल्यापासून पेन्शन लागू होतं. तुम्ही पीएफचा फॉर्म १९ भरला असणार, पेन्शनचा फॉर्म वेगळा, १०-डी. पुष्कळ लोक १९ भरतात, पैसे येतात, खूश होऊन घरी जातात, पेन्शन राहून जातं. किमान पेन्शन महिना १००० रुपये आहे, सप्टेंबर २०१४ पासून तेवढंच आहे, वाढवा म्हणून मोर्चे निघतात ते तुम्ही पाहिले असतील. रक्कम लहान आहे पण तहहयात आहे, आणि ५८ व्या वर्षापासूनची मागची बाकी सुद्धा बघायला लावा. हे आधी करा, २ लाख ८० हजार कुठे पळून जात नाहीत.

घरकुलवाला_पोरगा

अण्णा, काय बोलू. पेन्शनचं खरंच आमच्या डोक्यात नव्हतं, पीएफ म्हणजेच सगळं असं वाटत होतं. नोकरी १० वर्षांच्या वर आहे, नक्की. फॉर्म ऑनलाईन भरता येतो का ऑफिसलाच जायचं?

काकू, समोर सगळे होते हे बरोबर ओळखलात.

पेन्शनर_अण्णा

ऑनलाईन होतं, पण जन्मतारखेचा घोळ आधी होता म्हणताय तर मी म्हणेन स्वतः जा. पासबुक, आधार, फोटो, जुनं कार्ड, सगळं मूळ आणि झेरॉक्स. आईला बरोबर न्या. पेन्शन सुरू झालं की दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो आता बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावर घरबसल्या सुद्धा होतो. विड्या वळून बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही बऱ्याचदा, तेव्हा चेहऱ्याचा पर्याय लक्षात ठेवा.

तीनचाकी_राजा

रिक्षाबद्दल मी सांगतो, पंधरा-एक वर्षं चालवायलोय, स्टेशन ते आसरा सगळं तोंडपाठ.

भावाकडे बॅज (रिक्षा चालवायचा आरटीओचा बिल्ला) आहे का? लायसन आहे का तीनचाकीचं? हे दोन नसतील तर गाडी दारात उभी राहणार आणि हप्ता चालू होणार, बाकी काय नाही. डाऊन पेमेंट दिसतंय म्हणून लोकं उडी मारतात पण परमिट, इन्शुरन्स, पासिंग, मीटर, टायर, हे कुणी धरत नाही हिशोबात. आणि रोज रोख पैसा येतो हे खरं आहे बे, पण रोख येतो म्हणूनच रोख जातो, संध्याकाळी खिशात किती राहिले हे बायकोला विचारा माझ्या. शेअर सीटवर किती रिक्षा झाल्यात बघा आता, पाच मिनिटं थांबलं की मागून चार येतात.

धंदा वाईट नाही, मी त्याच्यावरच घर चालवलंय. पण त्याला सांग आधी सहा महिने दुसऱ्याची भाड्याने चालव, दिवसाचं भाडं मालकाला देऊन काय उरतं ते वहीत लिही. जमलं तर घे. ज्याला भाड्याची चालवायला लाज वाटते त्यानं स्वतःची घेऊ नये.

माहेर_मंगळवेढा

रिक्षावाले दादा एकदम खरं बोललात.

बायकोच्या सोन्याला कुणी हसायच्या आधी मी बोलून घेते, कारण इथं पुरुष मंडळी लगेच घडणावळ आणि घट काढून बसतील. मान्य आहे, दागिना घेताना घडणावळ जाते, ३ टक्के जीएसटी जातो, मोडताना घट जाते. पण माझ्या सासऱ्यांना अटॅक आला तेव्हा रात्रीतून पैसे कशावर उभे राहिले, तर पाटल्यांवर. सोनं तारण ठेवून बँकेत जे कर्ज मिळतं ते ह्याच्या २२ टक्केवाल्या फायनान्सपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. एफडीचं पान घेऊन रात्री अकरा वाजता कुठल्या दारात जाणार?

फक्त एक विचारते हो, सोनं घेतलं तर ते कुणाच्या गळ्यात जाणार? अम्माच्या नावाने घेऊन सुनेच्या कपाटात जाणार असेल तर ते अम्माचं नाही. घ्यायचंच असेल तर अम्माला दोन बांगड्या घ्या, साध्या, घडणावळ कमी असलेल्या, हॉलमार्कचा सहा अक्षरी नंबर पावतीवर लिहून घ्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या विड्या वळलेल्या हातात शोभतील.

जुळे_सोलापूर_एसआयपी

काकूंनी मला झापलं ते ठीक आहे, पैसे आईचे हे मी घाईत वाचलं. पण मग एक मधला मार्ग आहे. अम्माने मुलाला ६० हजार द्यावेत, त्यानं फायनान्सचं लोन बंद करावं आणि जो हप्ता फायनान्सला जात होता तोच दर महिन्याला अम्माच्या खात्यात ऑटोने जावा, व्याजासकट, समजा ८ टक्क्यांनी. त्याचे १४ टक्के वाचतात, अम्माला बँकेइतकं व्याज मिळतं. दोघांचा फायदा, फायनान्सवाला सोडून.

सातरस्ता_सम्या

घरातलं कर्ज कोण फेडतंय भाऊ. दोन महिने हप्ता जाईल, तिसऱ्या महिन्यात शाळेची फी येईल, चौथ्या महिन्यात आई स्वतःच म्हणेल असू दे रे बाळा. फायनान्सवाला दारात येऊन उभा राहतो म्हणून तर आपण फेडतो.

जुळे_सोलापूर_एसआयपी

ऑटो डेबिट लावायचं म्हणतोय ना मी.

सातरस्ता_सम्या

खात्यात पैसे असले तर डेबिट होणार ना.

बाळीवेस_बी_कॉम

पतसंस्थेवर कुणी बोललं नाही अजून. साडेदहा टक्के ऐकून लाळ गळते पण लक्षात ठेव, बँकेत ठेवलेल्या पैशाला ५ लाखापर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून, आधी लाखच होता. हा विमा सरकारी बँक, खाजगी बँक, सहकारी बँक सगळ्यांना आहे. पतसंस्थेला नाही. नावात बँकेसारखा थाट असतो, काउंटर तसाच, पासबुक तसंच, पिग्मी (रोजची बचत) गोळा करणारा एजंट रोज दारात येऊन नमस्कार करतो, म्हणून लोकांना वाटतं बँकच आहे. माझ्या चुलत्यांचे पैसे अशाच एका संस्थेत अडकलेत, प्रशासक नेमलाय, सभासदांची मीटिंग होते, चहा मिळतो, पैसे नाही. सगळ्या पतसंस्था वाईट असं म्हणणार नाही, पण म्हातारपणाचा पैसा तिथं ठेवू नको, मामाला नाही म्हणायचं धाडस कर.

त्यापेक्षा पोस्टात जा. साठीच्या पुढच्यांसाठी सीनियर सिटिझन स्कीम आहे, सध्या ८.२ टक्के, पाच वर्षाची, व्याज दर तीन महिन्याला खात्यात येतं. २ लाख ठेवलेस तर वर्षाला १६,४००, म्हणजे तिमाहीला ४,१०० रुपये. एवढ्या व्याजावर टीडीएस (व्याजातून आधीच कापायचा कर) वगैरे काही कापत नाहीत. मासिक उत्पन्न योजना पण आहे, ७.४ टक्के, २ लाखावर महिन्याला साधारण १,२३० रुपये. दर महिन्याला हातात पैसा पाहिजे असेल तर ती, नाहीतर पहिली बरी. मध्येच मोडली तर थोडा दंड बसतो आणि वर्षाच्या आत मोडली तर व्याजच मिळत नाही, म्हणून सगळेच्या सगळे अडकवू नको. नॉमिनी न चुकता लिही.

सुकन्याचं म्हणशील तर योजना झकास आहे, तिथंही ८.२ टक्केच, पण ते खातं आईबापाने उघडायचं असतं आणि २५० रुपयांत सुरू होतं. अक्का नि दाजी दोघं पुण्यात कमवतात ना? मग उघडू द्या की त्यांनाच. आजीला वाटलं तर वाढदिवसाला हजार-दोन हजार टाकेल त्यात.

होटगीरोड_काकू

बाळा, अम्माशी बोललास का नाही अजून?

घरकुलवाला_पोरगा

बोललो काकू. म्हणून तर परत लिहायलोय.

बायको माहेरी गेलेली, भाऊ बाहेर, अम्मा चटणीसाठी शेंगा निवडत बसलेली तेव्हा विचारलं. पहिल्यांदा परत तेच, तुम्हीच बघा. मग अण्णांनी सांगितलेला हिशोब तिला सांगितला, दहा तुझे आणि एक रुपया ६७ पैसे मालकाचे. ती म्हणाली मला माहितीय की. दर आठवड्याला कापलेले किती हे तिला अजून पाठ आहे, कुठल्या साली मजुरी वाढली, कुठल्या साली कारखान्यानं पानं खराब दिली आणि छाट वाढली, सगळं पाठ. आम्हाला वाटत होतं तिला त्यातलं काही कळत नाही म्हणून आम्ही बघायला पाहिजे.

मग म्हणाली, टाकी. मी म्हटलं कसली टाकी. पाण्याची. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं हे तुम्हाला माहितीच आहे, ते पण कधी पहाटे कधी रात्री, आलं की घरातलं प्रत्येक भांडं, बादली, पिंप भरायचं आणि ते भरणार कोण तर अम्मा, कारण आम्ही झोपलेलो नाहीतर कामावर. वर टाकी पाहिजे, खाली साठवायला एक, मोटर पाहिजे आणि मोरीत नळ पाहिजे, नळ फिरवला की पाणी आलं पाहिजे. एवढंच. उजनीतून पाणी सोलापूरला येतं, घरकुलात येतं, दारात येतं आणि शेवटची वीस पावलं आमच्या अम्माच्या कमरेवरून येतं हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही, पाठीचं औषध मात्र दर महिन्याला मीच आणून देतो.

दुसरं म्हणाली तिरुपती. म्हटलं चल, सगळे जाऊ, गाडी करू. तर म्हणते तुम्ही नको. मी आणि शेजारची मावशी दोघीच जाणार रेल्वेनं. ही मावशी म्हणजे जिच्याबरोबर ती आयुष्यभर एका उंबऱ्यावर बसून विड्या वळायची, तिचा खर्च पण अम्माच करणार, कारण मावशीचा कारखाना वेगळा होता आणि तिचे पीएफचे कागद अजून सापडलेले नाहीत. आता दोघी म्हाताऱ्या एकट्या कशा जाणार म्हणून मी काळजीत आणि ती म्हणते तुम्हाला घेऊन गेले तर तुमचंच करत बसावं लागतं.

माहेर_मंगळवेढा

अम्मा एक नंबर!! जाऊ दे रे त्यांना. तीनशेच्या दर्शनाचं तिकीट ऑनलाईन काढून दे आधीच, आणि राहायची खोली पण. ज्येष्ठांची वेगळी रांग ६५ च्या पुढं आहे, त्यामुळे ६२ ला त्यात बसणार नाहीत, तीनशेचंच काढ. आधारवरचं नाव तेवढं तिकिटावर तसंच्या तसं टाक, तुमच्याकडं नावाचा इतिहास आहे.

तीनचाकी_राजा

आणि भावाचं काय झालं?

घरकुलवाला_पोरगा

भावाला म्हणाली आधी बॅज काढ. बॅज काढून आणलास की २५ हजार देईन, पण उसने, वहीत लिहून. भाऊ म्हणाला अम्मा, मी काय परका आहे का, तर म्हणते परका असतास तर दिलेच नसते. तुम्ही लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं, भाड्याची चालवायचं ऐकून तोंड एवढं झालंय, पण आरटीओला चौकशी करून आला हे पण खरं.

माझ्या लोनचं मी हळूच काढलं होतं, एसआयपीवाल्या दादाचा ऑटो डेबिटचा प्लॅन सांगितला. पूर्ण ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली तू आणि तुझी बायको दोघं कमावता, तुझा हप्ता तू भर. विषय संपला.

२ लाख पोस्टात ठेवायचे ठरलंय, ८.२ वाल्यात. टाकी, मोटर, पाईप, प्लंबर मिळून २२ हजार धरलेत, तिरुपतीला २० हजार. भावाचे २५ बॅज आल्यावर. राहिलेले १३ हजार तिच्या खात्यातच, एटीएम कार्ड आतापर्यंत माझ्याकडं होतं ते मागून घेतलं. बायको जरा नाराज आहे, सोन्याचा विषय रोज निघतो, बांगड्यांचं अम्माला विचारलं तर म्हणते हातात काही घातलं की काम सुचत नाही. मामाला मीच फोन करून नाही म्हणून सांगितलं, सध्या बोलत नाही तो.

सातरस्ता_सम्या

तुझं लोन राहिलंच की मग 😂

घरकुलवाला_पोरगा

राहिलं. दिवाळीचा बोनस आला की थोडं जास्तीचं भरतो.

प्लंबर_भवानीपेठ

टाकीचं वाचलं म्हणून लिहितो. नळाच्या लाईनला डायरेक्ट मोटर लावू नको, महापालिकेची माणसं आली तर मोटर उचलून नेतात आणि तुझ्या मोटरमुळं पुढच्या चार घरांना पाणी येत नाही ते वेगळंच. नळाचं पाणी आधी खालच्या टाकीत आपोआप पडू दे, तिथून अर्ध्या एचपीच्या मोटरनं वर चढव. खालची टाकी मोठी घे, १००० लिटर, वरची ५०० पुरते. पाणी पाच दिवसाआड येतंय तर साठा खाली पाहिजे, वर नाही. आणि १००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन होतं, ते वर चढवायचंच असेल तर स्लॅबच्या मधोमध ठेवू नको, भिंत किंवा कॉलमच्या डोक्यावर घे. वर पत्रा असेल तर लोखंडी अँगलचा स्टँड वेगळा करावा लागेल, मग २२ हजारात बसणार नाही. वरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाईप आणि खाली बॉलकॉक (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा) विसरू नको, पहाटे पाणी आलं तर बंद करायला परत अम्मालाच उठावं लागेल नाहीतर.

घरकुलवाला_पोरगा

वर स्लॅब आहे दादा, पत्रा नाही. बॉलकॉक लिहून घेतलं. खालची १००० ठेवायला मोरीजवळ जागा कमी आहे, ५०० च्या दोन जोडल्या तर चालतील का?

प्लंबर_भवानीपेठ

चालतील. खालून पाईपनं जोडायच्या, दोन्हीत पाण्याची लेव्हल आपोआप एकच राहते. मध्ये एक व्हॉल्व टाक, धुवायला एक रिकामी करता येते.

पेन्शनर_अण्णा

सगळं छान झालं. पण १०-डी चं काय केलंत ते लिहिलं नाही तुम्ही.

घरकुलवाला_पोरगा

सोमवारी सुट्टी टाकलीय अण्णा, अम्माला घेऊन जायलोय. मावशी पण येते म्हणालीय, तिचा पत्ता तिथं लागतो का बघायला. तिच्याकडं कारखान्याचं जुनं पिवळं कार्ड तेवढं आहे, नंबर अर्धा पुसलेला. त्याच्यावरून काही निघेल का?

पेन्शनर_अण्णा

अर्धा नंबर आणि कारखान्याचं नाव असेल तर शोधता येतं. तिच्याबरोबर त्याच कारखान्यात वळणाऱ्या एखाद्या बाईचं पूर्ण नंबर असलेलं कार्ड मिळालं तर ते पण घेऊन जा, कारखान्याचा कोड त्यावरून कळतो, पुढचा खातं क्रमांक रजिस्टरला नावावरून बघायला सांगा. नाव तेलुगू उच्चाराने वेगळं लिहिलेलं असू शकतं, तीन-चार प्रकारे शोधायला लावा. आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या आधी पोचा.